सभापतींचा रविवार

आमच्या घरी दर रविवारी संसद भरते. नाशिकच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटची गॅलरी ती केवढी! तिच्यात एक घडीची खुर्ची, स्टुलावर लॅपटॉप, वर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल आणि टॉवेलांच्या खाली सभापती. सभापती म्हणजे माझे यजमान, सोमनाथ खैरनार. बाहेर त्यांना सगळे सर म्हणतात. मीही इथे सरच म्हणणार आहे. नवऱ्याबद्दल लिहिताना थोडं अंतर राखलेलं बरं असतं, नाहीतर भांडणच लिहून होतं.

सर सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवतात. आश्रमशाळा म्हणजे मुलं तिथेच राहणार, तिथेच जेवणार, तिथेच आजारी पडणार आणि सरही त्यांच्याबरोबर तिथेच मुक्कामाला. शनिवारी शाळा सुटली की जीप पकडतात, संध्याकाळी घरी पोचतात आणि सोमवारी उजाडताच परत. आमची मुलगी निकिता पुण्यात नोकरीला आहे. म्हणजे आठवडाभर घरात मी एकटी आणि नवरा वाट्याला यायचा तो एक रविवार. तो सह्यभूमीने नेला.

सह्यभूमी कुठे आहे म्हणून नकाशात शोधू नका. ते इंटरनेटवरचं, खेळातलं राष्ट्र आहे. लॉकडाऊनमध्ये घरात बसून कंटाळलेल्या मराठी माणसांनी ते काढलं. त्याला राज्यघटना आहे, पंतप्रधान आहेत, विरोधी पक्ष आहे, राजमुद्रासुद्धा आहे. जमीन तेवढी नाही. पंतप्रधान संतोष दुसाने गंगापूर रोडला मोबाईल दुरुस्त करतात. विरोधी पक्षनेता राकेश पगारे कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करतो. बाकीची मंडळी नगरची, जळगावची, कोल्हापूरची, एक जण तर मस्कतला असतो. हे सगळे मिळून कायदे करतात, मग त्या कायद्यांना दुरुस्त्या सुचवतात, त्या दुरुस्त्यांना उपदुरुस्त्या सुचवतात आणि प्रत्येकीवर मतदान घेतात. मी एकदा विचारलं होतं, "या कायद्यांनी होतं काय हो?" सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पुढची दुरुस्ती सोपी होते."

सुरुवातीला तिथे माणसं कमी होती. सभा भरायला ठरावीक गणसंख्या लागते, ती काही जमेना. मग आपल्याकडे सगळीकडे जे होतं तेच तिथेही झालं. पतपेढी असो नाहीतर हाउसिंग सोसायटी, सभासद कमी पडले की बायको, मेहुणा, साडू अशी नावं घालून मोकळं व्हायचं. सह्यभूमीत कुणी सासऱ्यांना नागरिक केलं, कुणी आत्याला. माझंही नाव लागलं: हर्षाली सोमनाथ खैरनार, अपक्ष. खातं निकितानेच उघडून दिलं. आम्हा अशा सगळ्यांना सभेत 'घरची मंडळी' म्हणतात. घरच्या मंडळींनी मत देऊ नये असा काही नियम नाही, पण पाहुण्यांच्या आधी पंगतीत घरच्यांनी बसायचं नसतं, तसा तो रिवाज पडला. मी त्या खात्यात कधी डोकावलेसुद्धा नव्हते.

सरांना सभापती का केलं, ते मी सांगू शकते. निवडणूक आली की सरांची ड्यूटी ठरलेली. डोंगरातल्या कुठल्या तरी केंद्रावर मशीन घेऊन जायचं, नावं तपासायची, बोटांना शाई लावायची. समोरचा कितीही चिडलेला असो, हे शांतपणे म्हणणार, "तुमचा नंबर येतोय, थांबा जरा." कुणाची बाजू घेणं त्यांच्या स्वभावात नाही. माझं आणि माझ्या जावेचं भांडण झालं तेव्हाही घेतली नव्हती. ते मी विसरलेले नाही. असा माणूस सभेला मिळाल्यावर सभा कशाला सोडते? पहिल्यांदा निवडणूक झाली, पुढे दर वेळी बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय ते मला तेव्हा नीट समजलं. दुसऱ्या कुणालाच ते काम नको असतं.

कारण काम म्हणजे नुसत्या लष्करच्या भाकऱ्या. सकाळी विषय वाचून दाखवायचे, बोलणाऱ्यांना वेळ द्यायचा, भांडणाऱ्यांना आवरायचं. मतदान उघड असतं. ज्याने त्याने आपल्या नावाखाली 'बाजूने' किंवा 'विरोधात' लिहायचं, संध्याकाळपर्यंत मुदत. मग सर एकेक नाव तपासणार, कुणी दोनदा लिहिलंय का बघणार, निकाल जाहीर करणार आणि मग निकालावर भांडण. माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशीच अविश्वास ठरावाची नोटीस किती आधी द्यावी यावरची दुरुस्ती मतदानाला होती. फोटोसाठी सगळे उभे राहिले तर सर मांडवामागे, पाण्याच्या पिंपाशेजारी फोन घेऊन मतं मोजत बसलेले. माझ्या भावाने व्याह्यांना सांगितलं, "दाजी जरा सरकारी कामात आहेत." सरकार कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, हे आमचं नशीब.

शनिवारीही तीच तऱ्हा. घाटमाथ्यावर मोबाईलला रेंज मिळते म्हणून जीप थांबवायला लावतात. जीपवाल्या सहादूने एकदा मलाच फोन केला. "वहिनी, सरांला जरा सांगा ना तुमी. लय उशीर व्हतो, मागं माणसं वरडत्यात." मी म्हटलं, "भाऊ, माझं ऐकत असते तर आणखी काय हवं होतं?"

यंदा मात्र सर दमले. शाळेत वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांना ताप आला की रात्रभर जागणं आलं, दवाखान्यात नेणं आलं. एका शनिवारी घरी आले ते दाराशीच स्टुलावर बसले. एक बूट काढला आणि दुसरा काढायचं विसरून तसेच बसून राहिले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "हर्षाली, आता पुरे. मला रविवारी नुसतं बसायचंय. तुझ्याबरोबर. काही मोजायचं नाही, कुणाला गप्प करायचं नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं सरळ ते कधी बोलले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की त्यांचा दुसरा बूट मीच काढला.

त्याच रविवारी त्यांनी राजीनामा दिला. पण सह्यभूमीच्या घटनेप्रमाणे सभापतींचा राजीनामा सभेने मंजूर करावा लागतो. आणि सभेत बसलेली माणसं कोण? आपलीच. पंगतीत पानावर हात आडवा धरून नको म्हटलं की वाढपी हाताखालून दोन जिलब्या सरकवतो, त्या पंगतीत वाढलेली. एखाद्याने मला पद नको म्हटलं की आपण काय समजतो? पठ्ठ्याला आग्रह हवाय. सरांच्या राजीनाम्याखाली हात जोडल्याची चित्रं आणि फुलं यांचा पाऊस पडला. मस्कतच्या गृहस्थांनी तर कविता लिहिली. राजीनामा एकमताने नामंजूर.

महिन्याभराने सरांनी पुन्हा दिला. या वेळी स्पष्ट लिहिलं, की प्रकृतीमुळे आणि घरच्या जबाबदारीमुळे मला खरोखर मोकळं करावं. झालं! 'खरोखर' लिहिलंय म्हणजे सर दुखावलेत, काहीतरी मानपान राहिला असणार, असं सभेने ठरवलं. पुढच्या रविवारी नाशिकमधली मंडळी थेट घरी. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह. पंतप्रधान संतोषभाऊंनी माझ्या दिवाणखान्यात उभं राहून भाषण केलं. सभापती म्हणजे लोकशाहीचा कणा, वगैरे. कणा सोफ्यावर मान खाली घालून बसला होता.

मी पोहे आणले आणि शेवटी माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "संतोषभाऊ, ते नको म्हणतात ते खरंच नको म्हणतात. त्यांना झेपत नाही आता. आम्हाला आमचा रविवार द्या."

सगळे मनापासून हसले. "वहिनी, सरांसारख्याच आहात अगदी," संतोषभाऊ म्हणाले, "दोघांनाही मोठेपणा नको." आणि पोह्यांचं कौतुक सुरू झालं. मला इतका संताप आला होता, की पुन्हा कुणाला पोहे घ्या म्हटलं नाही. त्यांनी मागून घेतले.

राकेश मात्र हसला नव्हता. हा विरोधी पक्षनेता सभेत सरांशी सगळ्यात जास्त वाद घालायचा, त्यामुळे मला तो मुलगा फारसा आवडत नसे. बाकीचे खाली उतरल्यावर तो चपला घालता घालता थांबला.

"काकू, सर खरंच दमलेत ना?"

"मग मी काय नाटक करत होते?"

"तसं नाही. राजीनामा दिला की लोक आग्रह करणार. पण कायदाच झाला, की कुणी दोन मुदतींपेक्षा जास्त सभापती राहायचं नाही, तर आग्रहाचा प्रश्नच येत नाही. ती दुरुस्ती कामकाजाच्या नियमांत बसते, साध्या बहुमताने होते. मी आणतो."

मी त्याला परत आत बोलावलं आणि डब्यात ठेवलेला लाडू दिला. मनात म्हटलं, इतक्या शहाण्या माणसांत एकाला तरी कान आहेत.

राकेशने दुरुस्ती मांडली आणि सह्यभूमीत आग लागली. सरांना हटवायचा डाव आहे, असं सत्ताधाऱ्यांनी उठवलं. ज्या माणसाने सभेसाठी रक्त आटवलं त्याला बाहेर काढता, लाज नाही वाटत, असं कुणीकुणी राकेशला लिहिलं. तो खरं कारण सांगायला गेला तर, 'सरांच्या खाजगी आयुष्यात शिरू नका,' म्हणून त्यालाच झापलं. राकेशचा पक्ष त्याच्या बाजूने, तरुण सभासद त्याच्या बाजूने, बाकीचे सरांच्या प्रेमापोटी विरोधात. आणि ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते सर गॅलरीत बसून एकेकाला सांगत होते, "सन्माननीय सदस्यांनी भाषा सांभाळावी."

मी म्हटलं, "अहो, एकदा सांगून टाका ना, की ही दुरुस्ती मला हवी आहे."

"सभापतीने चर्चेत बाजू घ्यायची नसते."

"पण ती चर्चा तुमच्याबद्दल आहे!"

"म्हणूनच नाही घ्यायची."

मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले आणि प्रत्येक कपडा जरा जास्तच जोरात झटकला.

मतदानाचा रविवार आला. सकाळपासून मी स्वयंपाकघरात, पण कान गॅलरीत. संध्याकाळ व्हायला आली तसं राहवेना म्हणून निकिताला फोन लावला आणि माझं ते जुनं खातं कसं उघडायचं ते विचारलं.

"आई, तू मत देणार? बाबांना सांगितलंस?"

"त्यांनी मला विचारून रविवार दिले होते का?"

निकिता हसली, पण पासवर्ड बदलून दिला. खातं उघडलं. सगळी नावं एकाखाली एक दिसत होती, बाजूने आणि विरोधात. मी बोट लावून मोजलं, पुन्हा मोजलं. दुरुस्ती एका मताने पडत होती. मुदत संपत आली होती आणि मत द्यायचं राहिलेलं असं घरच्या मंडळींखेरीज कुणी दिसत नव्हतं.

एवढ्या वर्षांत कानावर पडून पडून मला एक नियम पाठ झाला होता. मतं समसमान झाली, की निर्णायक मत सभापतींचं. म्हणजे मी एक मत दिलं की बरोबरी होणार आणि मग सगळं सरांच्या हातात येणार. कुणाचा आग्रह नाही, कुणाचं भाषण नाही, एक शब्द लिहायचा आणि सुटायचं. मला वाटलं, आपण सरांच्या हातात त्यांच्याच कुलपाची चावी देतोय. मी 'बाजूने' लिहिलं.

गॅलरीत खुर्ची करकरली. मग सरांचा आवाज आला, सभेतला, गंभीर: "सन्माननीय सदस्य हर्षाली खैरनार यांचं मत नोंदवण्यात आलं आहे."

मला हसू आलं. मी चहा टाकला, दोन कप भरले आणि गॅलरीत गेले. मुदत संपली होती. पडद्यावर दोन्ही बाजूंचे आकडे सारखे होते. सरांची बोटं कळफलकावर होती आणि ते काही लिहीत नव्हते.

"लिहा की," मी म्हटलं.

"बस जरा."

मला बसायला तिथे जागा नव्हती. मी उंबऱ्यावर बसले.

"बरोबरी झाली म्हणजे बहुमत झालं नाही," सर म्हणाले. वर्गात समजावतात तसंच, हळू. "निम्म्यांनी हो म्हटलं, निम्म्यांनी नाही. अशा वेळी सभापतीने आहे तो कायदा टिकेल असं मत द्यायचं असतं. बदल सभेने करायचा, एकट्या सभापतीने नाही. सगळीकडे हाच संकेत आहे."

"पण लेखी नियम नाही ना तसा?"

"नाही. संकेत आहे."

"मग? अहो, खेळ आहे हा. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"खेळच आहे," ते म्हणाले. "पण एवढी वर्षं मी त्यांना सांगत आलो, स्वतःचा फायदा असेल तिथे हात आवरा. आणि माझी वेळ आल्यावर माझ्या एका मताने मी कायदा बदलायचा? तोही मला सुट्टी हवी म्हणून?"

चहावर साय धरली. मला तेव्हा कळलं, मी काय करून बसले ते. मी मत दिलं नसतं तर दुरुस्ती लोकांच्या मतांनी पडली असती. सर हळहळले असते आणि आम्ही दोघांनी मिळून सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या. आता ती त्यांना स्वतःच्या हाताने पाडायची होती, माझ्यासमोर, माझ्या मतावर.

"लिहा मग," मी म्हटलं.

त्यांनी 'विरोधात' लिहिलं. मग निकाल लिहिला: दुरुस्ती नामंजूर. लिहिताना एकदाही चुकले नाहीत.

मला राग आला होता का? आला होता. त्यांच्यावर, सभेवर, स्वतःवर. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्याकडे उरला नव्हता. पडद्यावर फुलं पडायला लागली होती. सभापतींचा विजय असो, लोकशाहीचा विजय असो. राकेशने फक्त एवढंच लिहिलं, 'सर, निकाल मान्य आहे.'

लगेच संतोषभाऊंचा फोन आला. सरांनी तो स्टुलावरच स्पीकरवर टाकला, उचलून कानाला लावण्याचाही त्यांना कंटाळा आला होता.

"सर, काय बोलू! स्वतःच्या मताने वाचवलंत सभेला. आणि वहिनींनी बाजूने मत दिलं ते बघून आम्ही इथे इतके हसलो. गंमतच केली ना त्यांनी? तुम्हाला चिडवायला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वाकून म्हणाले, "नाही संतोष. ते मत माझं होतं. मला देता येत नव्हतं, तिने दिलं."

मला वाटलं, पोचलं. या माणसाला आज तरी कळलं. मी पदराची गाठ घट्ट धरून बसले होते.

आणि संतोषभाऊ हसले. मोठ्याने, अगदी प्रेमाने. "सर, तुम्ही पण ना! एवढा विनय बरा नाही. बरं, पुढच्या रविवारची विषयपत्रिका आज टाकणार की उद्या?"

"आज टाकतो," सर म्हणाले आणि फोन बंद केला.

ते माझ्याकडे वळले. तोंडावर एवढा थकवा होता की मला नजर काढून घ्यावीशी वाटली, पण मी घेतली नाही. "ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात ते मला तरी खरं वाटलं."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली आणि पुढच्या रविवारचे विषय लिहायला घेतले. मी थंड चहाचे कप उचलले आणि चहा पुन्हा गरम करायला आत गेले.